नांदत्या वर्गाची पुनर्रचना

एप्रिल 2022 मध्ये मूडल या शिक्षणप्रणालीची 4.0 ही आवृत्ती आली आणि जगभरच्या महाविद्यालयांत, जिथे जिथे ती बसवली गेली तिथे तिथे, प्राध्यापकांना आपलाच कोर्स अनोळखी वाटू लागला. मजकूर तोच होता. नोट्स, असाइनमेंट, क्विझ, गुण, सगळे जागच्या जागी होते. पण डावीकडे कोर्सची अनुक्रमणिका आली होती, वर टॅबची रांग आली होती, उजवीकडचे ब्लॉक एका सरकत्या कप्प्यात गेले होते आणि वर्षानुवर्षे ज्या दातेरी चाकावर बोट जायचे ते चाक नाहीसे झाले होते. काहींना हे पान आवडले, काहींचा सबंध आठवडा वस्तू शोधण्यात गेला. या पुस्तकाचा विषय हा बदल आहे: विद्यापीठे वापरतात त्या मुक्तस्रोत शिक्षणप्रणालीची पुनर्रचना कशी होते, ती कोण करते आणि तिची किंमत कोण मोजते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. मार्च 2020 मध्ये वर्ग बंद पडले तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांनी घाईघाईने ऑनलाइन व्यवस्था उभी केली. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवल्या, कोणी गूगल क्लासरूम घेतले, कोणी आपल्या सर्व्हरवर मूडल बसवले. आयआयटी मुंबईत मूडल त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेले होते, आणि त्याच संस्थेचा ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ हा उपक्रम ‘ओपन एडएक्स’ या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीवर उभा राहिला. तरीही या प्रणालींकडे आपण नळाच्या पाण्यासारखे पाहतो: येते, वापरतो, आले नाही की तक्रार करतो. त्या कशा घडतात, त्यांना आपलाही हात लागू शकतो का, हे आपण क्वचितच विचारतो.

मूडलच्या जन्माची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचे वाद तिच्यातच दडलेले आहेत. मार्टिन डुगियामास यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी, तुरळक वस्तीच्या प्रदेशात गेले. तिथे शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवरून भरायची. पुढे ते पर्थच्या कर्टिन विद्यापीठात ‘वेबसीटी’ या विकत घेतलेल्या प्रणालीची देखभाल करू लागले. तिच्या मर्यादा रोज हाताला लागत होत्या आणि त्या दुरुस्त करण्याचा अधिकार मात्र हातात नव्हता. 1999 च्या सुमारास त्यांनी स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. 20 ऑगस्ट 2002 ला मूडल 1.0 प्रसिद्ध झाले. ते जीपीएल परवान्याखाली खुले होते. म्हणजे कोणीही ते उतरवून घ्यावे, चालवावे, बदलावे, बदललेले पुढे द्यावे.

डुगियामास यांचे संशोधनही याच विषयावर होते. माणसे एकमेकांसाठी काही घडवताना शिकतात, हा विचार त्यांनी पायाशी धरला होता. त्यामुळे सुरुवातीच्या मूडलमध्ये फोरम, म्हणजे चर्चेची जागा, मध्यवर्ती होती. प्रत्येक कोर्स तयार होताना त्यात घोषणांचा फोरम आपोआप येतो, तो याच वारशाचा भाग. शब्दसंग्रह विद्यार्थ्यांनी मिळून रचावा, विकी मिळून लिहावा, एकमेकांच्या कामाचे मूल्यमापन ‘वर्कशॉप’मध्ये करावे, अशी साधने तिथे आहेत. प्रत्यक्षात काय झाले? बहुतेक महाविद्यालयांत मूडल म्हणजे फाइली ठेवण्याचे कपाट झाले. पहिल्या युनिटची पीपीटी, दुसऱ्या युनिटची पीपीटी, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. पान खाली खाली वाढत जाते आणि विद्यार्थी बोटाने सरकवत राहतो. पुनर्रचना करणाऱ्यापुढचा पहिला खरा प्रश्न इथे उभा राहतो. लोक जसे वापरतात तसे सोपे करायचे, की ज्यासाठी प्रणाली बांधली होती त्याकडे त्यांना परत न्यायचे? रंग, अक्षरे, चिन्हे यांची चर्चा या प्रश्नानंतर सुरू व्हायला हवी. बहुतेक वेळा ती आधी सुरू होते.

विकाऊ सॉफ्टवेअरची कंपनी एका रात्रीत सगळ्यांचा पडदा बदलू शकते. मुक्तस्रोत प्रणालीत ते होत नाही. प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची प्रत असते, आपल्या सर्व्हरवर, आपल्या थीमसह, आपण निवडलेल्या प्लगइनसह. मूडलच्या प्लगइनची संख्या हजाराच्या पुढे केव्हाच गेली आहे, आणि त्यातले कितीतरी एखाद्या विद्यापीठातल्या एका माणसाने आपल्या गरजेपोटी लिहिलेले आहेत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने 2005 मध्ये मूडल स्वीकारल्यावर तिथल्या टिम हंट यांनी क्विझमागचे प्रश्नयंत्र नव्याने लिहिले. ते 2011 मध्ये मूडल 2.1 बरोबर सगळ्यांना मिळाले. गणिताचे उत्तर बीजगणिताच्या नियमांनी तपासणारा ‘स्टॅक’ हा प्रश्नप्रकार ख्रिस सँगविन यांच्या कामातून आला आणि तो ‘मॅक्सिमा’ या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या खांद्यावर उभा आहे. पर्थहून मुख्य रचना बदलली की या सगळ्यांना आपापला भाग पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ज्याचा लेखक नोकरी बदलून गेला तो प्लगइन तिथेच थांबतो, आणि त्यावर बेतलेला कुणाचा तरी कोर्सही.

म्हणूनच मुक्तस्रोत प्रणालीची पुनर्रचना हे राहत्या वाड्याच्या डागडुजीचे काम आहे. माणसे आत नांदत असतात, स्वयंपाक चालू असतो, आणि तुळई बदलायची असते.

ही गोष्ट विसरली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण साकाईचे आहे. 2004 मध्ये मिशिगन, इंडियाना, स्टॅनफर्ड आणि एमआयटी या चार विद्यापीठांनी आपापल्या वेगवेगळ्या प्रणाली एकत्र आणून एक सामायिक प्रणाली बांधायला घेतली. मेलन फाउंडेशनचे अर्थसाह्य होते. मिशिगनच्या आधीच्या प्रणालीचे लघुरूप ‘शेफ’ असे होत असे, म्हणून नव्या प्रणालीला ‘आयर्न शेफ’ या जपानी कार्यक्रमातले आचारी हिरोयुकी साकाई यांचे नाव दिले गेले. विद्यापीठांनी विद्यापीठांसाठी बांधलेली प्रणाली, ही कल्पनाच मोठी होती. शिक्षणप्रणाली विकणाऱ्या ब्लॅकबोर्ड कंपनीने ऑक्टोबर 2005 मध्ये वेबसीटी विकत घेण्याचा करार केला आणि 2006 मध्ये पेटंटच्या आधारे प्रतिस्पर्धी कंपनीला न्यायालयात खेचले. त्या काळात विद्यापीठांना आपला वर्ग आपल्या मालकीचा असावा असे वाटणे अगदी रास्त होते.

साकाई चालली. शेकडो संस्थांत चालली. पण चार विद्यापीठांची चार वळणे तिच्यात दिसत राहिली. प्रत्येक साधन स्वतंत्र खोलीसारखे, एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही. 2008 च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातल्या गटाने एक वेगळे चित्र मांडले: कोर्स केंद्रस्थानी न ठेवता माणूस आणि त्याचे लेखन केंद्रस्थानी ठेवायचे, विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक यांचे जाळे उभे करायचे, आणि हे सगळे मागच्या संगणकीय पायापासून पुन्हा लिहायचे. आधी त्याला ‘साकाई 3’ म्हटले गेले, नंतर ‘साकाई ओएई’. चित्र सुंदर होते. मला आजही ते अनेक बाबतींत बरोबर वाटते. न्यूयॉर्क विद्यापीठ, बर्कली, जॉर्जिया टेक, ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स स्टर्ट विद्यापीठ असे भागीदार जमले. इंडियाना आणि मिशिगनही होते.

मग वर्षे गेली. नव्या प्रणालीत ग्रेडबुक नव्हते, चाचण्या नव्हत्या. त्यासाठी जुन्या साकाईकडेच हात पसरावा लागे. जुनी आणि नवी शेजारी शेजारी चालवायची, अशी ‘संकरित’ योजना निघाली. एकीकडे जुन्या प्रणालीवर दर सेमिस्टरला हजारो विद्यार्थ्यांचे निकाल लागत होते आणि दुसरीकडे तिच्यावर काम करणारी माणसे नव्या स्वप्नाकडे वळत होती. 2012 मध्ये इंडियाना आणि मिशिगन बाहेर पडले. उरलेल्या गटाने मागचा सगळा भाग पुन्हा एकदा नव्याने लिहिला, आणि ती प्रणाली कोर्स चालवणाऱ्या साकाईची जागा कधीच घेऊ शकली नाही. 2012 च्याच अखेरीस साकाई फाउंडेशन आणि ‘जासिग’ या दोन संस्थांच्या एकत्रीकरणातून अपेरिओ फाउंडेशन झाले. जुनी साकाई मात्र तिच्यावर प्रेम करणाऱ्या मोजक्या लोकांनी जगवली. 2016 च्या साकाई 11 मध्ये ती अखेर फोनच्या पडद्यावर नीट बसू लागली. तोवर तिच्या संस्थापकांपैकी मिशिगन आणि इंडियाना यांनी 2014 मध्ये ‘युनिझिन’ या नव्या संघात सामील होऊन ‘कॅनव्हास’ या दुसऱ्या शिक्षणप्रणालीची वाट धरली होती.

या गोष्टीचा अर्थ ‘मोठी स्वप्ने पाहू नयेत’ असा काढणे मला मान्य नाही. चूक स्वप्नात नव्हती. चूक अशी झाली की चालू वर्गाचा भार कोण वाहणार, हे ठरवण्याआधी नव्या वर्गाचे बांधकाम सुरू झाले. प्राध्यापकाने दहा वर्षांत जमवलेली प्रश्नपेढी, तिचे गुणभार, तिचे बॅकअप, हा प्रणालीचा सर्वांत मौल्यवान भाग असतो. तो प्रोग्रामरच्या आराखड्यात दिसत नाही, म्हणून तो नाही असे समजले गेले. नवी प्रणाली पहिल्या दिवशी काय काय करू शकते याची यादी सगळे करतात. जुने काय काय पहिल्या दिवसापासून चाललेच पाहिजे, ही यादी क्वचित कोणी करते. पुनर्रचनेचे अर्धे यश त्या दुसऱ्या यादीत असते.

मूडलने वेगळी वाट घेतली. 4.0 एकदम आकाशातून पडली असे अनेकांना वाटले, पण तिची तयारी अनेक वर्षे चालली होती. डिसेंबर 2016 च्या 3.2 आवृत्तीत ‘बूस्ट’ ही नवी थीम आली. 2018 अखेरच्या 3.6 मध्ये डॅशबोर्ड आणि निरोपांची व्यवस्था बदलली. जून 2020 च्या 3.9 मध्ये नवी अ‍ॅक्टिव्हिटी जोडण्याची खिडकी नव्याने रचली गेली. नेहमी लागणाऱ्या गोष्टींना तारांकित करायची सोय झाली. मे 2021 च्या 3.11 मध्ये एखादे काम पूर्ण झाले असे केव्हा धरले जाईल, हे विद्यार्थ्याला त्या कामाच्या जागीच दिसू लागले. दर सहा महिन्यांनी एक आवृत्ती, आणि काही निवडक आवृत्त्यांना दीर्घकाळ आधार, अशी शिस्त असल्याने महाविद्यालयाला आपली वेळ निवडता येते. बदल नको असलेल्यांसाठी ‘क्लासिक’ ही जुन्या वळणाची थीमही 4.0 बरोबर राहू दिली.

4.0 चा सर्वांत चांगला भाग पडद्यावर दिसतच नाही. तो प्रश्नपेढीत आहे. पूर्वी एखादा प्रश्न दुरुस्त केला की तो जिथे जिथे वापरलेला असेल तिथे तिथे बदलायचा. मागच्या वर्षी झालेल्या परीक्षेतला प्रश्न यंदाच्या दुरुस्तीने वेगळा दिसू शकत असे. आता प्रत्येक प्रश्नाच्या आवृत्त्या जपल्या जातात. परीक्षेच्या तक्रारी ज्याने हाताळल्या आहेत त्याला या एका बदलाचे मोल सांगावे लागणार नाही. अनुक्रमणिका आणि टॅब यांच्या गदारोळात याची चर्चा फार थोडी झाली, आणि मला ते खटकते.

जे हुकले तेही सांगितले पाहिजे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्राध्यापकांसाठी आणि प्रथम वर्षाच्या मुलांसाठी मदतीच्या पुस्तिका बनवलेल्या असतात, पडद्याच्या चित्रांसह. मांडणी बदलली की त्या सगळ्या एका दिवसात निकामी होतात. हे काम मूळ संघाच्या हिशेबात धरलेले नसते. ते संगणक विभागातल्या एखाद्या सहायकाच्या आणि उत्साही प्राध्यापकाच्या उन्हाळी सुट्टीवर पडते. पुनर्रचनेचा खर्च मांडताना ही सुट्टी मोजली पाहिजे.

या पुस्तकातल्या ज्या प्रकरणाकडे वाचकाने आवर्जून वळावे ते पूर्वनिवडीबद्दलचे आहे. मूडलमध्ये असाइनमेंट तयार करताना देय तारीख आपोआप सात दिवसांनंतरची येते. प्राध्यापक ती बदलू शकतात. घाईत बदलत नाहीत. म्हणजे सात दिवसांत काम झाले पाहिजे, हा शैक्षणिक निर्णय नकळत सॉफ्टवेअरने घेतलेला असतो. त्यात वेळेचा घोळ मिसळतो. ‘15 तारीख, 00:00’ असे लिहिलेले असेल तर संगणकाच्या लेखी मुदत 14 च्या रात्री संपते, आणि विद्यार्थी मात्र 15 ची अख्खी रात्र आपल्या हातात आहे असे समजतो. सबमिशनच्या दिवशी वसतिगृहात होणारा आरडाओरडा कितीदा तरी निव्वळ या चार शून्यांपायी असतो. क्विझ किती वेळा देता येईल, उत्तर बरोबर की चूक हे कधी दाखवायचे, या सगळ्यांच्या पूर्वनिवडी कोणीतरी ठरवलेल्या आहेत. नवी मांडणी करणाऱ्याने रंगाआधी या पूर्वनिवडींवर प्राध्यापकांशी बसून बोलावे, असे माझे ठाम मत आहे.

बोलावे कोणाशी, हाही प्रश्न आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 मध्ये मांडलेला विचार प्रसिद्ध आहे: पाच जणांना वापरताना नीट पाहिले तरी मांडणीतले बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. पण ते पाच कोण? मुक्तस्रोत प्रकल्पात चर्चेला जे येतात ते प्रणाली कोळून प्यालेले असतात. वर्षातून दोनदाच कोर्स उघडणारे ज्येष्ठ प्राध्यापक येत नाहीत. एसटीने येताना रेंज मिळेल तिथे फोनवर असाइनमेंट उघडणारी विद्यार्थिनी येत नाही. स्क्रीनरीडरवर ऐकत क्विझ सोडवणारा अंध विद्यार्थी येत नाही. त्याच्यासाठी चिन्हाला केवळ रंग असून भागत नाही, नाव असावे लागते. कमी दिसणाऱ्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान साडेचारास एक इतका उजळपणाचा फरक लागतो. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत हे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 पासून हा सौजन्याचा मुद्दा राहिलेला नाही, तो हक्काचा आहे. जी विद्यापीठे मुक्तस्रोत प्रणाली फुकट मिळते म्हणून घेतात त्यांनी वाचलेल्या पैशातला थोडा भाग अशा पाच जणांना शोधून त्यांच्याजवळ बसण्यासाठी ठेवावा.

आता आपल्या भाषेचे. मूडलमध्ये पडद्यावरचे शब्द मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या भाषासंचांत ठेवलेले असतात आणि ते स्वयंसेवक अनुवादित करतात. मराठीचाही संच आहे. ज्या वाक्याचे मराठी झालेले नसते तिथे इंग्रजी दिसते. प्रत्येक पुनर्रचनेत नवी वाक्ये येतात, म्हणून प्रत्येक पुनर्रचनेनंतर मराठी पडदा थोडा अधिक इंग्रजी होतो. हे कुणी मुद्दाम करत नाही. आपण ते भरून काढत नाही, एवढेच. दुसरी अडचण अक्षरांची. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळीत आणि बटणात देवनागरीचा रफार वर कापला जातो, खाली उकार आणि जोडाक्षरांचा तळ छाटला जातो. ओळींमधले अंतर थोडे वाढवले की हा प्रश्न सुटतो. पण ते वाढवायला कोणीतरी मराठीत पान उघडून पाहिलेले असावे लागते, आणि तसे पाहणारा माणूस मांडणीच्या वेळी हजर असावा लागतो. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात अभियांत्रिकी आणि डिझाइन शिकणारी हजारो मुले आहेत. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी यापेक्षा खरे काम मला सुचत नाही.

पुढची प्रकरणे सलग वाचलीच पाहिजेत असे नाही. प्राध्यापकांनी पूर्वनिवडीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, संगणक विभागाने साकाईच्या प्रकरणापासून, आणि ज्यांच्या हाती खरेदीचा व धोरणाचा अधिकार आहे त्यांनी सुगम्यतेच्या प्रकरणापासून. ओपन एडएक्सच्या पडद्यांचे तुकड्यातुकड्यांनी चाललेले नूतनीकरण इथे थोडक्यात आले आहे, कारण ते अजून चालू आहे.

वाचकाला एक विनंती. आपल्या महाविद्यालयाचे मूडल पुढच्या सुट्टीत अपग्रेड होणार असेल, तर त्याआधी चाचणीसाठी एक वेगळी प्रत उभी करायला सांगा. तिच्यात आपला एक खरा कोर्स बॅकअपमधून आणा, भाषा मराठी करा, आणि एका विद्यार्थ्याच्या फोनवर तो पहिल्या पानापासून शेवटच्या क्विझपर्यंत चालवून पाहा. जिथे अडेल ते कागदावर लिहा आणि मूडलच्या सार्वजनिक दोषनोंदणीत टाका. ती नोंदणी सर्वांसाठी खुली आहे.